चीनमध्ये शिकवायला निघालात? आधी नावाचं स्पेलिंग पक्कं करा

मी मूळची रत्नागिरीची, विषय फिजिक्स. चीनच्या जिआंगसू प्रांतात सुझौ नावाचं शहर आहे, तिथल्या एका शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात ए-लेव्हलच्या, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते. गेल्या वर्षभरात ओळखीपाळखीतून सात-आठ जणांचे फोन आले आणि सगळ्यांचे प्रश्न तेच. दर वेळी घसा कोरडा करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मी सांगते तो क्रम मोडू नका. इथे एक काम दुसऱ्यात अडकलेलं असतं. पोलिसांकडे नोंद नाही तर निवास परवाना नाही, सिम नाही तर बँकेत खातं नाही, खातं नाही तर पगार कुठे जमा होणार? आणि या साखळीची पहिली कडी म्हणजे पासपोर्टवरचं तुमचं नाव.

निघण्यापूर्वी

आधी एक कटू गोष्ट. इंग्रजी भाषा शिकवायची नोकरी हवी असेल तर साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांचा पासपोर्ट मागतात. तुमचं इंग्रजी कितीही फर्मास असलं तरी भारतीय पासपोर्टवर तो कामाचा परवाना मिळणं अवघड. गणित, विज्ञान, संगणक, अर्थशास्त्र या विषयांसाठी आंतरराष्ट्रीय शाळा आणि विद्यापीठं मात्र भारतीय शिक्षक घेतात. पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव ही किमान अट धरून चला.

"आधी टुरिस्ट व्हिसावर या, कागद नंतर करू" असं कुणी एजंट म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. शिकवण्यासाठी झेड व्हिसा लागतो. शाळा तिकडून कामाच्या परवान्याचं सूचनापत्र काढते, ते घेऊन तुम्ही मुंबईच्या व्हिसा केंद्रात जायचं, हा सरळ रस्ता. पदवी आणि पोलीस क्लिअरन्स यांचं साक्षांकन यात सगळ्यात जास्त वेळ जातो. इतर देशांत गेलेले मित्र "अपॉस्टील कर, झालं" म्हणतील (म्हणजे अनेक देशांत चालणारा साक्षांकनाचा एकच शिक्का), पण त्यावर विसंबू नका. परराष्ट्र मंत्रालय आणि चिनी वकिलात यांपैकी कुणाकुणाचे शिक्के हवेत ते शाळेच्या एचआरकडून लेखी मागवून घ्या. हातात तीन महिने ठेवा.

सामानात काय घ्यायचं यावर प्रत्येकाची आई वेगळं सांगते. माझी यादी छोटी आहे: कुकर, मसाले, नेहमीची औषधं चिठ्ठीसकट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे 33 बाय 48 मिलिमीटरचे डझनभर फोटो, आणि शिक्षणाच्या सगळ्या मूळ प्रती हातातल्या बॅगेत. आपली तीन पिनांची गोल प्लग इथे बसत नाही, दोन पिनांची बहुतेक ठिकाणी बसते.

भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. शिवाय पहिल्या आठवड्यासाठी रोमिंग पॅक मारून घ्या. रोमिंगवरचं इंटरनेट आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरतं, त्यामुळे व्हॉट्सॲप चालतं. एकदा चिनी सिम किंवा शाळेचं वायफाय पकडलं की व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब सगळं गप्प. घरच्यांना वीचॅट घ्यायला सांगावं तर तेही जमत नाही, कारण 2020 च्या जूनमध्ये भारताने 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली त्यात वीचॅट होतं. म्हणजे इकडून ते बंद आणि तिकडून हे बंद. आईकडे जुना आयफोन देऊन ठेवला तेव्हा आमचं फेसटाइमवर बोलणं सुरू झालं. घरी कसं बोलायचं हे विमानात बसण्यापूर्वी ठरवून, एकदा करून बघा.

पहिले चोवीस तास

हॉटेलात उतरलात तर तुमची नोंद हॉटेलवाले पोलिसांकडे करतात. शाळेच्या फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या घरात उतरलात तर चोवीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन राहण्याची नोंद करायची. ठाण्याला फाईछूस्वो म्हणतात. पासपोर्ट, घराचा करार आणि घरमालकाच्या कागदांच्या प्रती लागतात. शाळेतलं कुणीतरी बरोबर येतं. ठाणं म्हटल्यावर आपल्या पोटात जो गोळा येतो त्याची इथे गरज नाही, पंधरा मिनिटांत एक चिठ्ठी हातात पडते. ती जपा, पुढे प्रत्येक कागदाला ती जोडावी लागते. घर बदललं की पुन्हा नोंद. नवीन व्हिसा लागला किंवा देशाबाहेर जाऊन परत आलात तरी ठाण्यात विचारून घ्या.

त्यानंतर वैद्यकीय तपासणी. उपाशीपोटी जायचं. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी अशी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वरात निघते, तासाभरात संपते. आणि देशात पाऊल ठेवल्यापासून तीस दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे जमा असतो आणि तुमच्याकडे फक्त पावती, तेव्हा ऑक्टोबरच्या सुट्टीत बाहेरदेशी भटकायचे बेत आखण्याआधी तारखा मोजा.

नावाचा घोळ

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. चिनी माणसाचं अख्खं नाव दोन-तीन अक्षरांत संपतं. समोर बसलेल्या मुलीला माझ्या नावातलं कुठलं माझं आणि कुठलं बाबांचं हे कळायला काहीच मार्ग नव्हता. सिम देणाऱ्या काउंटरवर आडनाव शेवटी टाकलं. बँकेत आडनाव आधी आलं, पण माझं आणि बाबांचं नाव मध्ये जागा न सोडता जोडून. शाळेने कामाच्या परवान्यावर तिसराच प्रकार केला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. महिन्याभराने अलीपेला, म्हणजे इथल्या फोनवरून पैसे भरायच्या ॲपला, बँक खातं जोडायला गेले, तर तीन वेळा "नाव जुळत नाही", चौथ्या वेळी खातंच गोठलं. पगार बँकेत, आणि मी दुकानात पाण्याची बाटली हातात धरून उभी. मागच्या आजोबांनी स्वतःचा फोन पुढे करून माझे दोन युआन भरले.

ते निस्तरायला तीन आठवडे गेले. तुम्ही हे करा: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली बाणांच्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत ज्या क्रमाने नाव आहे, त्याच क्रमाने, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, शब्दांमध्ये एकेक जागा सोडून कागदावर लिहून घ्या. सिमच्या काउंटरवर तो कागद पुढे करा. बँकेत करा. शाळेच्या एचआरला आल्या दिवशी द्या. आणि कुणी टाइप केल्यावर सही करण्यापूर्वी त्यांच्या स्क्रीनकडे मान वाकडी करून बघा. इथे ते कुणाला उद्धटपणाचं वाटत नाही.

सिम चायना मोबाइल, युनिकॉम किंवा टेलिकॉम यांपैकी कुठलंही चालेल. बँकेत जाताना पासपोर्ट, सिम आणि शाळेचं पत्र. चिनी मोबाइल नंबर मिळाला की मगच वीचॅटचं खातं उघडा, ते जुन्या वापरकर्त्याला कोड स्कॅन करून तुमची ओळख पटवायला सांगतं, म्हणून एखादा सहकारी शेजारी बसवा. बँक होईपर्यंत मधल्या दिवसांसाठी अलीपेला परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. 2023 पासून हे बरंच सोपं झालंय. 200 युआनपर्यंतच्या खरेदीला जादा आकार नाही, त्याहून मोठ्या खरेदीला 3 टक्के. निघण्यापूर्वी आपल्या बँकेत कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. थोडी रोकडही जवळ असू द्या, पण भाजीवालीसुद्धा कोडचा फलक पुढे करते आणि शंभराची नोट पाहून सुट्ट्यांसाठी शेजारणीकडे जाते.

जिभेला लागलेलं मराठी वळण

चिनी शिकण्याची भीती सगळ्यांना असते. चढउतारांचे सूर अवघड आहेत, ते मलाही अजून नीट जमत नाहीत. पण एका बाबतीत आपण जन्मतःच पुढे आहोत. रोमन लिपीत चिनी लिहितात त्यातली बी, डी, जी ही अक्षरं म्हणजे खरं तर आपले प, त, क. आणि पी, टी, के म्हणजे फ, थ, ख, त्यातला फ ओठ मिटून, श्वास सोडत. माझा ब्रिटिश सहकारी दोन वर्षं हा फरक ऐकायला धडपडतोय. आपल्याला तो बालवाडीतल्या बाराखडीत मिळालाय. झेड अक्षराचा उच्चार 'चमचा', 'चाळ' यांतल्या च-सारखा, हिंदीभाषक मित्रांना तोही शिकावा लागतो. म्हणून वहीत उच्चार देवनागरीत लिहा. या लेखातही, शहरांची रूढ नावं सोडली तर, मी तसेच लिहितेय.

पहिल्या महिन्यात आकडे, "हे कितीला", "मांस नको" आणि माणसांना हाक मारण्याचे शब्द एवढं पुरे. आकड्यांच्या हाताच्या खुणाही शिका. अंगठा आणि करंगळी बाहेर म्हणजे सहा, आपल्याकडे फोन करण्याची खूण करतात तशी. अंगठा आणि तर्जनी ताणलेली म्हणजे आठ. बाजारात भाव चिनवर असतो, एक चिन म्हणजे अर्धा किलो. पाटीवरचा आकडा वाचून स्वस्ताईने हरखून जाऊ नका, दुप्पट करा.

हाक मारताना शिक्षकाला आडनावापुढे लाओशी. वांग लाओशी, ली लाओशी. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत तुम्हालाही लाओशीच म्हणतील. ड्रायव्हर, सुतार, गेटवरचे काका यांना शीफू, म्हणजे उस्ताद. आणि कँटीनमध्ये वाढणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या मोठ्या वयाच्या बाईंना आयी. अर्थ मावशी. पहिल्यांदा कँटीनमध्ये सगळी मुलं वाटी पुढे करून "आयी, आयी" म्हणत होती तेव्हा मी ताट हातात धरून नुसती ऐकत राहिले होते.

चिनी नावही लवकर घ्या, पण ते स्वतः गूगलवरून ठरवू नका. एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला मागा. मला आमच्या इतिहासाच्या शिक्षकांनी दिलं. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "ख तीह्वा तुमच्याकडचे ना?" ख तीह्वा म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून इथे आले, 1942 च्या डिसेंबरात इथेच गेले. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी नावाच्या शेवटी 'ह्वा' हे चीनचं अक्षर घेतलं होतं. जुन्या पिढीला ते नाव अजून ओळखीचं आहे.

शाळेतला दिवस

शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. सोमवारी झेंडावंदन. तास चाळीस मिनिटांचा, वर्ग सुरू होताना मुलं उभी राहून "लाओशी हाओ" म्हणतात. आंतरराष्ट्रीय विभागात माझ्या वर्गात पंचवीस मुलं आहेत, शेजारच्या चिनी विभागात पन्नासच्या आसपास. सकाळच्या सुट्टीत ध्वनिक्षेपकावर संगीत लागतं आणि अख्खा वर्ग डोळे मिटून भुवया, कानशिलं चोळत बसतो. तो डोळ्यांचा व्यायाम आहे, 1960 च्या दशकापासून चालत आलेला. पहिल्या दिवशी मी त्या वेळात फळ्यावर लिहीत बसले होते, नंतर कळलं की मीही बसून चोळायला हरकत नव्हती.

जेवण साडेअकराला. त्यानंतर ऊश्यू, म्हणजे वामकुक्षी. पुणेकरांनो, हा देश तुमचा आहे. स्टाफरूममधले दिवे जातात, टेबलाखालून घडीच्या खाटा निघतात, गळ्यात उशी अडकवून सगळे आडवे. साडेबारा ते दीड या वेळात कुणाला फोन करू नका, मेसेजसुद्धा थांबवा.

वर्गात सगळ्यात जड जाते ती शांतता. "कळलं का?" असं विचारलं की सगळे मान डोलावतात. त्याला काही अर्थ नाही. चारचौघांत चुकणं म्हणजे तोंड काळं होणं, म्हणून कुणी बोलत नाही. एकट्या मुलाला उभं करून विचारू नका. आधी बाकावरच्या जोडीदाराशी दोन मिनिटं बोलू द्या, मग जोडीचं उत्तर मागा. मी प्रत्येकाला छोटा पांढरा फळा दिलाय. उत्तर लिहून सगळे एकदम वर धरतात, कोण चुकलं ते मला दिसतं, शेजाऱ्याला दिसत नाही.

प्रत्येक वर्गाला एक पानचूरन असतो किंवा असते. नुसता वर्गशिक्षक म्हणून चालणार नाही. मुलाचं खाणं, झोप, आईबापांचं भांडण सगळं त्यांच्याकडे येतं. तुमची कुठलीही तक्रार पालकांच्या वीचॅट ग्रुपवर परस्पर टाकू नका, आधी पानचूरनना सांगा. मी एकदा एका मुलाचे कमी गुण ग्रुपवर लिहिले. भारतात त्यावर दोन अंगठे आले असते. इथे रात्री अकरा वाजता त्याच्या आईचा रडत फोन आला.

कुंगखाईख हा शब्दही लक्षात ठेवा, खुला तास. मागच्या भिंतीला खुर्च्या लावून दहा-पंधरा शिक्षक वही घेऊन बसतात, नंतर तुमच्यासमोर तुमच्या तासाचं शवविच्छेदन होतं. आणि त्याची सूचना बहुतेक वेळा आदल्या दिवशी संध्याकाळी येते. सगळ्याच सूचना तशा येतात. उद्याची सुट्टी आज कळते, आणि सुट्टीची भरपाई म्हणून शनिवारी किंवा रविवारी शाळा, याला थ्याओश्यू म्हणतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची सुट्टी पाहून हुरळून जाण्यापूर्वी कॅलेंडरमध्ये तिच्या आजूबाजूचे रविवार बघा. चिडून उपयोग नाही, चिनी शिक्षकांनाही तेव्हाच कळलेलं असतं.

खाणं

मी मासे खाते, त्यामुळे माझं बरं चाललंय. शुद्ध शाकाहारींनी कंबर कसावी. "पू याओ रो" म्हणजे मांस नको. एवढं सांगितल्यावर टोफू येतो, त्यावर खिमा भुरभुरलेला, कारण तेवढ्याला ते मांस मानत नाहीत. खिमा म्हणजे रोमो, तोही नको म्हणून वेगळं सांगायचं. आणि चीचिंग, म्हणजे कोंबडीच्या अर्काची पूड, ती पालेभाजीतही पडते. ही तीन वाक्यं चिनीत लिहून फोनवर ठेवा. बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीची तीसानशियेन, आंबट-तिखट बटाट्याचे काप, ठेचलेली काकडी, टोमॅटो-अंडं हे पदार्थ कुठेही मिळतात. बौद्ध मंदिरांजवळची भोजनालयं पूर्ण निर्धास्त.

घरी शिजवायचं तर मूग, शेंगदाणे, कोथिंबीर, आलं-लसूण कोपऱ्यावर मिळतं. जिरं चायनीज दुकानात शिनच्यांगचा मसाला म्हणून मिळतं, नाव त्स्रान. होंगथांग नावाची तपकिरी साखर गुळाची तहान भागवते. कणीक, तूरडाळ, हिंग ऑनलाइन मागवा. जवळच्या चच्यांग प्रांतात यीवू गावात भारतीय व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आहे, तिथून बरंच येतं. कोकणातल्या मंडळींना एक गुपित: सिचुआनचं ह्वाच्याओ हे आपल्या तिरफळाचं सख्खं चुलत भावंड. बांगड्याच्या आमटीत चार दाणे टाकले, जीभ तशीच झिणझिणली. सुझौचे लोक मात्र भाजीतसुद्धा साखर घालतात, गुजरातेत राहिलेल्यांना सवय असेल.

नळाचं पाणी पिऊ नका. उकळून प्या किंवा मोठे कॅन घरपोच मागवा. गरम पाण्याची बाटली सतत हातात असते सगळ्यांच्या. सर्दी, पोटदुखी, प्रेमभंग, सगळ्यावर सहकारी "गरम पाणी पी" हेच सांगतील.

घर, थंडी, दवाखाना

शाळेचा फ्लॅट मिळत असेल तर पहिलं वर्ष तोच घ्या. बाहेर भाड्याने घेतलंत तर बहुधा एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम. म्हणजे हातात चार भाड्यांची रक्कम हवी, आणि पहिला पगार महिन्याने येणार. घरमालक पोलीस नोंदणीसाठी कागद देईल ना, हे करारापूर्वी विचारा.

थंडीचं कुणी सांगत नाही. हुआय नदीच्या उत्तरेला घराघरांत सरकारी हीटिंग असतं. सुझौ दक्षिणेत, म्हणून इथे नाही. बाहेर दोन अंश, वर्गात पाच, आणि हवा खेळती राहावी म्हणून कुणीतरी खिडकी उघडून ठेवलेली. बीजिंगची मैत्रीण घरात टी-शर्टवर बसते, मी इथे कोट घालून पेपर तपासते. थर्मल आणि विजेवरची चादर पहिल्या पगारात घ्या. जून-जुलैत पाऊस लागला की चामड्याच्या चपलांना बुरशी, ते मात्र कोकणासारखंच.

आजारी पडलात तर सरकारी मोठ्या रुग्णालयात जा. आधी क्वाहाओ, म्हणजे केसपेपर, त्याचे पैसे. मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे, मग तपासणी, मग पुन्हा त्याच डॉक्टरांकडे, मग औषधांचे पैसे. प्रत्येक पायरीला पासपोर्ट. पहिल्या वेळी चिनी बोलणारं कुणीतरी न्या. रुग्णवाहिका 120, पोलीस 110, आग 119. परवाना-व्हिसाच्या शंकांसाठी 12367, तिथे इंग्रजीत बोलतात. पासपोर्टचं नूतनीकरण शांघायच्या भारतीय वाणिज्य वकिलातीत होतं, सुझौहून रेल्वेने अर्धा तास. तिकीट 12306 या रेल्वेच्या ॲपवर पासपोर्ट नंबर टाकून काढा, पासपोर्ट हेच तिकीट. तिथेही नाव त्याच कागदावरच्या क्रमाने.

पैसे घरी पाठवायला बँक करार आणि कर भरल्याचा दाखला मागते, म्हणून शाळेकडून कराचा दाखला वर्षातून दोनदा तरी मागून ठेवा. आणि नोकरी सोडणार असाल तर निघण्यापूर्वी कार्यमुक्तीचं पत्र हातात घ्या. ते नसेल तर पुढची शाळा परवाना बदलू शकत नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या पत्रावर नावातलं एक अक्षर गळलं होतं. तो सामान बांधून तयार, आणि शिक्का मारणाऱ्या बाई दहा दिवसांच्या रजेवर.